टरफले कोणी उचलावीत?

(महाजन मंडळींच्या विद्यार्थी-गौरव समारंभात वास्को येथे वाचलेले भाषण)



विद्यार्थी-गौरवाच्या समारंभात वक्त्याने गुणवंतांचे कौतुक करावे, त्यांना दोन उपदेशपर शब्द सांगावेत आणि चहापानाची वेळ फार लांबवू नये, असा प्रघात आहे. आज त्या प्रघाताला थोडा फाटा द्यावयाचा आहे. ज्यांची नावे आज ह्या व्यासपीठावरून पुकारली जातील त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. ती मुले आपल्या बुद्धीने आणि श्रीदेवाच्या कृपेने पुढे जातीलच. आजचे विवेचन आहे ते ज्यांचे नाव शाळेत निराळ्या कारणासाठी पुकारले जाते त्यांच्याविषयी. जे उशिरा येतात, जे उलट बोलतात, ज्यांच्या हातून बाक मोडतो अथवा काच फुटते, आणि मग ज्यांच्या घरी मुख्याध्यापकांची चिठ्ठी जाते, अशा मुलांचे शाळेने काय करावे, हा आजचा प्रश्न आहे.

मराठी मुलाला हा प्रश्न फार लवकर भेटतो. लोकमान्य टिळकांच्या बालपणीची शेंगांच्या टरफलांची गोष्ट ठाऊक नाही असे मूल विरळाच. वर्गात कोणीतरी शेंगा खाऊन टरफले टाकली. गुरुजींनी कोणी खाल्ल्या ह्याचा छडा न लावता साऱ्या वर्गाला शिक्षा फर्मावली. आणि आपण शेंगा खाल्ल्या नाहीत, सबब टरफले उचलणार नाही, असे बाळ टिळकांनी निर्भयपणे सांगितले. ही घटना शब्दशः अशीच घडली की नाही, हे इतिहाससंशोधकांवर सोपवू. पिढ्यानपिढ्या ती बाणेदारपणाचा धडा म्हणून सांगितली जाते, आणि त्यात बाणेदारपणा आहेच. परंतु त्या वर्गात आणखीही काही घडले होते, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. ज्याने शेंगा खाल्ल्या त्याचे काय झाले? गोष्ट ते सांगत नाही. तो गप्प बसला आणि गप्प बसणे फायद्याचे असते, एवढे शिकून घरी गेला. निरपराध मुले मुकाट्याने शिक्षा भोगण्यास शिकली. गुरुजींना तर वर्गाविषयी नवीन असे काहीच कळले नाही. आणि टरफले? ती अखेर कोणीतरी उचललीच असतील. बहुधा शाळेच्या शिपायाने. ज्याच्या कंबरेला त्या कचऱ्याचा भार पडला, त्याचा ह्या गोष्टीत उल्लेखसुद्धा नाही.

आपल्या गोमंतकात ह्या विषयाला जुना आणि बराचसा वेदनामय इतिहास आहे. पोर्तुगीज अमदानीत मराठीचे शिक्षण टिकले ते सरकारच्या कृपेने नव्हे. देवळाच्या अग्रशाळेत, एखाद्या भाटकाराच्या ओसरीवर अथवा सोप्यावर शेणवीमामाने धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेतली, परवचा म्हणवून घेतला आणि मोडीचे वळण लावले. पेडणे, डिचोली, सत्तरी ह्यांसारख्या नव्या काबिजादींतील महालांत ही परंपरा विशेष दृढ होती. १९०८ साली पणजीत घरोघरच्या मूठभर तांदळातून मुष्टिफंड संस्था उभी राहिली. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि हिंदू समाजाला थोडा मोकळा श्वास घेता येऊ लागला. पुढल्याच वर्षी फोंड्यास गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. आजच्या श्रोत्यांपैकी अनेकांचे आजे-पणजे ह्याच मार्गाने साक्षर झाले. हे ऋण फार मोठे आहे.

ऋण मान्य करूनही एक गोष्ट झाकता येत नाही. ती विद्या मुलांना छडीसकट मिळाली. अंगठे धरून ओणवे राहणे, कोंबडा करणे, दोन बोटांमध्ये पेन्सिल धरून दाबणे, ह्या शिक्षा इतक्या सरावाच्या झाल्या होत्या की त्यांना नावे होती, प्रकार होते आणि त्यांची वर्णने वृद्ध मंडळी आजही हसत हसत करतात. सरकारी पोर्तुगीज शाळेत काही निराळे होते असे नव्हे. ज्या पिढीने प्रिमेर आणि सेगुंद ग्राव करून लिसेवची पायरी चढली, तिला पालमातोर म्हणजे काय हे सांगावे लागत नसे. लाकडी दांड्याला गोल चकती, चकतीला भोके. ती तळहातावर पडली की भोकांच्या जागी कातडी वर येई. पोर्तुगालमधील मुले तिला ‘पाच डोळ्यांची मुलगी’ म्हणत असत. भाषा निराळी, राज्यकर्ते निराळे, अभ्यासक्रम निराळा. तळहात मात्र तोच. एकाच मुलाने सकाळी शेणवीमामाची छडी आणि त्यानंतर पोर्तुगीज मास्तराची पालमातोर खावी, असाही काळ होता.

‘मार खाल्ला म्हणूनच माणसे झालो’ असे त्या पिढीतील पुष्कळजण सांगतात, आणि ते खोटे बोलतात असे नाही. परंतु ही साक्ष एकतर्फी आहे. जे मार खाऊनही टिकले तेच बोलावयास उरले. जो मुलगा दुसऱ्या दिवशी पाटी टाकून काजूच्या बागेत अथवा गुरांमागे गेला, त्याची साक्ष कोणी काढली नाही. शिवाय अग्रशाळा ही देवळाची. ज्यांना त्या काळी प्राकारात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्यांच्या मुलांनी पाटी घेऊन कोठे बसावे, हा प्रश्न त्या शिस्तीने विचारलाच नाही. महाजनांच्या मेळाव्यात हे वाक्य कटू लागेल. पण ते महाजनांच्याच मेळाव्यात उच्चारले पाहिजे.

कायद्याने ह्या बाबतीत पुरेसे अंतर तोडले आहे, ते थोडक्यात सांगून पुढे जाऊ. पोलंडने शाळेतील मारहाण १७८३ सालीच बंद केली होती. इंग्लंडमधील सरकारी शाळांतून वेत जाण्यास १९८६ साल उजाडावे लागले. स्वीडनने १९७९ साली घरातील मारहाणीवरही बंदी घातली. आपल्याकडे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षेला शिक्षणव्यवस्थेतून हद्दपार करण्याचे ठरविले. बालकांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८९ चा. शाळेची शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असावी असे तो सांगतो, आणि भारताने तो १९९२ साली मान्य केला. गोवा राज्याने २००३ साली स्वतःचा बालकविषयक कायदा केला, त्यात शाळांतील शारीरिक शिक्षेला बंदी आहे आणि त्याच कायद्यान्वये बालकांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. एवढ्या लहान राज्याने हे पाऊल उचलले, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यानंतर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली, आणि सोळाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास प्रतिबंध केला.

कायद्याचे शब्द आणि वर्गाची खोली ह्यांत अंतर असते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या पाहणीचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी आपणांस शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले होते. म्हणजे तिघांत दोघे. तेव्हापासून छडी पुष्कळ ठिकाणी खरोखरच गेली, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती गेल्यावर रिकाम्या जागी काय आले, ते पाहण्याची तसदी थोड्यांनी घेतली. वर्गाबाहेर तासन् तास उभे करणे, सर्वांदेखत बापाचा धंदा काढणे, ‘तुझ्याने काही होणार नाही’ हे वाक्य वर्षभर ऐकविणे, आठ दिवस घरी बसविणे आणि सरतेशेवटी पालकांना बोलावून ‘दाखला घेऊन जा’ असे सौम्य आवाजात सुचविणे. ह्यांतील एकानेही कातडीवर वळ उठत नाही. शिक्षणहक्क कायद्याचे कवच आठवीपर्यंतचे. नववीपासून ते राहत नाही, आणि नेमक्या त्याच वयात मुलांच्या वागण्याला धार येते.

शाळेतून घालविणे ह्या उपायाचे आपल्या समाजाला नवल वाटू नये. त्याला आपल्याकडे जुने नाव आहे: ग्रामण्य. जातीच्या पंक्तीतून उठविणे, हुक्कापाणी बंद करणे, देवळात मान बंद करणे, हे सर्व त्याच जातकुळीचे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि स्वतः टिळक ह्यांच्यासह अनेकांवर ग्रामण्याचा प्रसंग आला होता. टरफले न उचलणाऱ्याला चहाच्या पेल्यापायी प्रायश्चित्ताच्या वादात पडावे लागले! तेथे निदान प्रायश्चित्त घेऊन परत येण्याची वाट होती. शाळेने दाखला हाती दिलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला परतीची वाट कोणती?

आता ह्या विषयाच्या सर्वांत अवघड भागाकडे वळावयाचे. शिक्षा कडक असावी की सौम्य, एवढाच हा वाद नाही. ती कोणाला होते, हा खरा प्रश्न आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि इतर मुलांपासून दूर बसावे लागे, हे सर्वविश्रुत आहे. त्याने कोणता नियम मोडला होता? कोणताच नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांना शाळेतून निलंबित करण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक आहे, असे तेथील शिक्षण खात्याच्याच आकड्यांवरून दिसून आले. त्यावर २०१४ साली मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि २०१८ साली सरकार बदलल्यावर त्या मागेही घेण्यात आल्या. इतक्या दूर जाण्याचे तरी काय कारण? आपले वास्को पाहा. १८८८ साली मुरगाव बंदरापर्यंत आगगाडी आली, आणि तेव्हापासून हे शहर परगावच्या श्रमिकांनी उभे केलेले आहे. बंदरावरील हमाल, गोदीतील कारागीर, सांकवाळच्या खत कारखान्यातील कामगार, खारीवाड्यावरील मच्छीमार, बायण्याची झोपडवस्ती. एकाच वर्गात कोंकणी, मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी आणि उडिया बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. ज्या मुलाला शिक्षकाचे बोलणे अर्धेच कळते, तो उत्तर देत नाही. त्या गप्प राहण्याला उद्धटपणा म्हणतात. ज्याच्या घरी नळाला पाणी पहाटे येते आणि भरण्याचे काम त्याच्याकडे असते, तो प्रार्थनेला पोहोचत नाही. त्याला बेशिस्त म्हणतात. डिचोलीत २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या. ज्या घरापुढे कर्जावर घेतलेला ट्रक उभाच राहिला, त्या घरातील मुलाचे चित्त गणिताच्या तासाला ठिकाणावर नसेल, तर त्यात नवल ते काय? पण हजेरीपटात ‘घरी ट्रक उभा’ असा रकाना नसतो.

आणि आपल्याच घरची गोष्ट. प्रतिष्ठित घरातील मुलाने आगळीक केली, तर वडील मुख्याध्यापकांना भेटतात, दोघे एकमेकांना ओळखतात, चहा येतो आणि ‘वय आहे, व्हावयाचेच’ असे म्हणून प्रकरण मिटते. हेच हमालाच्या मुलाने केले, तर त्याचा बाप एक दिवसाची मजुरी बुडवून कार्यालयाबाहेर उभा राहतो आणि त्याच्या हाती कागद पडतो. नियमपुस्तिका दोघांना एकच असते. मुलींची तऱ्हा आणखी निराळी. त्यांना मार क्वचितच पडला असेल, परंतु वेणी, कपडे आणि हसणे ह्यांवरून चारचौघांत झालेली त्यांची मानखंडना कोणत्याही शिक्षापुस्तकात नोंदली गेली नाही.

मग मुलाने चूक केली तर तिकडे कानाडोळा करावा काय? मुळीच नाही. ह्याचे उत्तर शोधताना दोन वडीलधाऱ्यांची आठवण होते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गनजीक १९१० साली स्थापन झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी स्वतः मुलांना शिकवीत असत. एक दांडगा, खोडकर मुलगा कोणालाच आवरेना. एके दिवशी गांधीजींनी रागाच्या भरात रूळ उचलून त्याच्या हातावर मारला. मारताना त्यांचाच हात कापत होता, हे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. मुलगा सतरा वर्षांचा, अंगापिंडाने भक्कम. तो रडला, पण दुखले म्हणून नव्हे, असे गांधीजींना वाटले. त्यानंतर त्या मुलाने त्रास दिला नाही. ‘छडीचा गुण’ म्हणून दाखविण्यास ह्याहून उत्तम दाखला मिळणार नाही. आणि तरीही गांधीजींना त्या हिंसेचा पश्चात्तापच होत राहिला. आपण त्या दिवशी मुलाला आपल्यातील आत्मा दाखविला नाही, पशू दाखविला, अशी त्यांची खंत होती. पुढे आश्रमातील दोघांच्या अधःपाताची वार्ता कळली तेव्हा त्यांनी सात दिवसांचे उपोषण स्वतः केले; कारण शिष्याच्या स्खलनास गुरूही काही अंशी जबाबदार असतो, अशी त्यांची धारणा होती. उपोषणाचा मार्ग प्रत्येक शिक्षकाने चोखाळावा असे कोणी म्हणणार नाही, गांधीजीही म्हणाले नाहीत. घेण्याजोगा आहे तो त्यामागील विचार: बिघडले ते नाते, आणि ते दोन्ही टोकांनी दुरुस्त करावे लागते.

दुसरे साने गुरुजी. १९२४ ते १९३० ह्या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक आणि तेथील छात्रालयाचे प्रमुख असताना त्यांनी मुलांच्या खोल्यांतील अव्यवस्थेवर एक अजब उपाय योजला. मुले शाळेत गेली की ते स्वतः केर काढीत, पसरलेली अंथरुणे घडी करून ठेवीत, कपडे नीट लावीत. मुले परत येऊन पाहतात तो खोली लख्ख! कोणी केले हे कळल्यावर मुलांना लाज वाटली आणि ती आपापली कामे आपण करू लागली. टरफलांच्या गोष्टीतील गुरुजींना जे सुचले नाही, ते अमळनेरच्या गुरुजींना सुचले होते. मात्र एवढेही म्हटले पाहिजे की, प्रत्येक मूल अशा मौनाने वळत नाही. शिक्षकाने आयुष्यभर केर काढावा आणि मुलांनी तो पाहावा, असेही होऊ शकते. गुरुजींच्या प्रेमाला बोलण्याची जोड हवी; प्रत्यक्ष समोरासमोर बसून बोलण्याची.

ह्या बोलण्याचे शास्त्र गेल्या काही दशकांत परदेशात आकाराला आले आहे. न्यूझीलंडमध्ये १९८९ साली मुलांविषयीचा एक कायदा झाला. त्यात माओरी लोकांची जुनी चाल स्वीकारण्यात आली: गुन्हा करणारा मुलगा, त्याचे कुटुंब आणि ज्याचे नुकसान झाले ती व्यक्ती ह्यांनी एकत्र बसून काय करावे ते ठरवावयाचे. १९९४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात ही रीत शाळेत आली, तेथून इतरत्र पसरली. तिचे मर्म चार-पाच साध्या प्रश्नांत आहे. काय घडले? त्या वेळी तुझ्या मनात काय होते? कोणाकोणाला त्याची झळ लागली? आणि ते भरून काढण्यासाठी काय केले पाहिजे? ‘कोणता नियम मोडला आणि त्याला कोणती शिक्षा’ हा प्रश्न येथे येतच नाही असे नाही, पण तो शेवटी येतो.

ह्या रीतीचा डांगोरा पिटणारे पुष्कळ आहेत, म्हणून तिची उणी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात ४४ शाळांत दोन वर्षे तिची पद्धतशीर परीक्षा झाली व निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. निलंबनामुळे बुडणारे दिवस कमी झाले, काळ्या-गोऱ्या मुलांमधील तफावतही घटली, आणि शाळेचे वातावरण सुधारल्याचे शिक्षकांनी सांगितले. परंतु मुलांना स्वतःला तसे वाटले नाही, आणि सहावी ते आठवीच्या मुलांचे अभ्यासातील गुण उलट थोडे घसरले. म्हणजे हे रामबाण औषध नव्हे. वेळ लागतो, शिक्षकाला शिकावे लागते, आणि ज्या वर्गात साठ मुले व एक थकलेला शिक्षक आहे तेथे चर्चेला बसा म्हणणे ही थट्टाच ठरते. शिक्षकाचा भार हलका न करता त्याच्या हातातील छडी तेवढी काढून घेतली, तर तो जिभेचा वापर करतो.

परंतु एवढ्याने निराश होण्याचे कारण नाही. ह्याच वास्कोत श्री दामोदराच्या भजनी सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते. एक मंडळी दमली की दुसरी झांज हाती घेते. एखाद्याचा ताल चुकला तर शेजारचा थोडा मोठ्याने वाजवून त्याला तालावर आणतो, त्याला कोणी मांडवाबाहेर काढीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगाच्या साथीत सुरू झालेला हा उत्सव शहरातील नाना जातींच्या आणि धंद्यांच्या मंडळींनी एवढी वर्षे चालविला आहे. त्याला शिस्त नाही असे कोण म्हणेल?

आता एक कल्पित, पण कोणत्याही शाळेत घडू शकेल असे उदाहरण घेऊ. नववीचा वर्ग. प्रयोगशाळेत एका मुलाने दुसऱ्याला ढकलले आणि काचेचे कपाट फुटले. ढकलणारा खारीवाड्यावरील, बाप ट्रॉलरवर. पहाटे जेटीवर हात लावून मग शाळेत येणारा, म्हणून आधीच उशिराच्या यादीत असलेला. ज्याला ढकलले तो चांगल्या घरचा, पहिल्या बाकावरचा. नेहमीच्या रीतीने पहिला आठ दिवस घरी बसतो, त्याच्या बापाकडून कपाटाचे पैसे वसूल होतात आणि दुसरा साक्षीदार ठरतो.

हेच प्रकरण बसून ऐकले तर काय निघते? ढकलण्याच्या आधी पहिल्या बाकावरच्या मुलाने नाकाला रुमाल लावला होता आणि मासळीच्या वासाविषयी काही बोलला होता. असे तो आठवडाभर बोलत होता आणि वर्ग हसत होता. विज्ञानाच्या बाईंना ते ऐकू आले होते, पण प्रयोग संपवावयाचा होता. काचा गोळा करताना शिपायाचा हात कापला आणि त्याला दोन टाके पडले, हे त्या दोन्ही मुलांना ठाऊकच नव्हते. बैठकीत शिपायाने पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ते सांगितले, तेव्हा प्रथमच दोघांनी माना खाली घातल्या. मग ठरते ते असे. कपाटाची काच दोन्ही घरांनी मिळून बसवावी, ज्याला रोख देणे जड आहे त्याने कामाच्या रूपाने द्यावे. दोघांनी चार शनिवार शिपायाबरोबर प्रयोगशाळा लावावी. रुमाल लावणाऱ्याने जे वर्गादेखत म्हटले त्याची माफी वर्गादेखतच मागावी, पण त्याला मनापासून मागता येईल तेव्हा; पाठ करून घेतलेली माफी नको. बाईंनी पुढच्या वेळी प्रयोग थांबवावा. आणि जेटीवरच्या मुलासाठी पहिल्या तासाची काही सोय निघते का, ते मुख्याध्यापकांनी पाहावे. ढकलणे ही चूक होती, ह्यावर कोणीही पांघरूण घातलेले नाही. ढकलणारा आठ दिवस घरी झोपून राहिला असता, त्यापेक्षा हे त्याला अधिक जड गेले.

ह्या बैठकीत सर्वांत अवघड काम कोणाचे? त्या दोन मुलांचे नव्हे. ते आहे पहिल्या बाकावरच्या मुलाच्या वडिलांचे. ट्रॉलरवरील खलाशाच्या शेजारी, त्याच उंचीच्या खुर्चीवर बसून, आपल्या मुलाने काय म्हटले ते त्यांना ऐकावयाचे आहे. आणि मुख्याध्यापकांना फोन न करता ऐकावयाचे आहे. आज ह्या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकजण शाळांच्या व्यवस्थापक मंडळांवर आहेत, काहीजण पालक-शिक्षक संघाचे पदाधिकारी आहेत. आपापल्या शाळेचे गेल्या वर्षीचे शिक्षापुस्तक त्यांनी एकदा मागवून पाहावे. कोणाची नावे त्यात वारंवार येतात आणि कोणाची कधीच येत नाहीत, एवढेच पाहावे. देवस्थानांच्या अग्रशाळा सणावारांखेरीज रिकाम्याच असतात. ज्या मुलाला घरी बसविण्याची वेळ येते, त्याला घरी न बसविता तेथे एखाद्या निवृत्त शिक्षकाजवळ अभ्यासाला बसविणे अशक्य नाही. त्याची जात अथवा त्याचे महाजनत्व विचारण्याचे काहीच प्रयोजन नाही.

राहता राहिली आपल्या शिष्यवृत्तीची गोष्ट. देवस्थानांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांत गुणपत्रिकेबरोबर शाळेचा सद्वर्तनाचा दाखला बहुधा मागितला जातो. ज्याला शाळेने एकदा घरी बसविले त्याला तो मिळत नाही. म्हणजे एका अपराधाची शिक्षा दोनदा होते, आणि दुसऱ्यांदा ती देणारे आपण असतो. पुढील वर्षाचे अर्ज छापखान्यात जाण्यापूर्वी ह्या रकान्याचे काय करावे, हा विषय कार्यकारी समितीने आपल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती आहे.